वर्किंग कॅपिटल ऑप्शनला टाकणाऱ्यांसाठी

एमकॉमच्या फायनान्सच्या पेपरचा एक अलिखित नियम असतो, निदान आमच्या बॅचला तरी होता. कॅपिटल बजेटिंगचं गणित करायचंच, कॉस्ट ऑफ कॅपिटल करायचं, लिव्हरेजचं एक छोटं गणित हमखास येतं ते झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे, डिव्हिडंडमधे वॉल्टर आणि गॉर्डन एवढी दोन नावं लक्षात ठेवायची, आणि वर्किंग कॅपिटल (खेळतं भांडवल, रोजचा धंदा चालवायला अडकून पडणारा पैसा) ऑप्शनला टाकायचं. सीनियर्स सांगायचे, क्लासवाले सांगायचे, झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समधेपण तो चॅप्टर सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात पातळ. कारण काय तर गणित दोन पानं चालतं, कच्चा माल किती महिन्यांचा, अर्धवट माल किती, तयार माल किती, उधारी किती, मजुरी द्यायला किती उशीर, आणि मधे एक आकडा चुकला की खालचं सगळं चुकतं. त्यात तो जुना वाद, डेटर्स (गिऱ्हाइकांकडचं येणं) कॉस्टला घ्यायचे की सेलिंग प्राइसला. (प्रश्नात सांगितलं नसेल तर खाली एक ओळ असम्प्शन लिहा आणि पुढं चला, त्यावर कुणी मार्क कापत नाही.)

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या अख्ख्या सिलॅबसमधे आपल्याकडच्या धंद्यांना सगळ्यात जास्त लागू पडणारा चॅप्टर तोच आहे आणि आपण तोच सोडून येतो. हे मी कोल्हापूर-सांगली पट्ट्यातली मुलगी म्हणून बोलतेय, जिथं एका बाजूला साखर कारखाने, दुसऱ्या बाजूला फाउंड्र्या आणि मशीन शॉप, आणि घरटी कुणीतरी एक जण कुणाकडून तरी येणं असलेल्या पैशाची वाट बघत बसलेला. मुंबई-पुण्याच्या लोकांना कदाचित कॅपएम (शेअरच्या रिस्कवरनं त्याचा अपेक्षित परतावा काढायचा फॉर्म्युला) जास्त जवळचं वाटत असेल, असो.

तरी सुरुवातीपासून जाते, कारण पाया टाइम व्हॅल्यू ऑफ मनीच आहे. आजचे १०० रुपये आणि वर्षानंतरचे १०० रुपये सारखे नाहीत, एवढंच ते. ज्यांच्या घरात भिशी चालते त्यांना हे शिकवायला लागत नाही, पहिल्याच महिन्यात भिशी उचलायला सगळे का तयार असतात ते आईला विचारा, ती पीव्ही टेबल (पुढच्या पैशाची आजची किंमत देणारं) न बघता सांगेल. कॉलेजमधे मात्र हे टेबल बघूनच शिकवतात. टेबल नसेल तर साध्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.१२ करून मग नुसतं बरोबरचं बटण दाबत राहायचं, ०.८९३, ०.७९७, ०.७१२ असे १२ टक्क्यांचे फॅक्टर ओळीनं पडत जातात, आणि पाच वेळा दाबून झाल्यावर जीटी (ग्रँड टोटलचं बटण) दाबलं की बेरीज ३.६०५, म्हणजे ५ वर्षांचा अॅन्युइटी फॅक्टर (दरवर्षी सारख्या येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायला गुणायचा आकडा) तयार. (आधी जीटी क्लिअर करा, नाहीतर मागच्या गणिताची बेरीज त्यात मिसळते.) ही ट्रिक कुठल्याच सरांनी सांगितली नाही, सीए करणाऱ्या एका मैत्रिणीनं बसस्टॉपवर सांगितली.

आणि याचा परीक्षेबाहेरचा उपयोग लगेच दिसतो. गाडीच्या शोरूममधे जो फायनान्सवाला टेबल टाकून बसलेला असतो तो म्हणतो, मॅडम फक्त १० टक्के फ्लॅट. १ लाखाचं लोन, ३ वर्षं, व्याज ३० हजार, एकूण १ लाख ३० हजार, भागिले ३६, हप्ता ३६११ रुपये. ऐकायला ठीक वाटतं. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत चाललंय ना, मग व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण १ लाखावर का? एक्सेलमधे रेटचा फॉर्म्युला टाकून बघा, महिन्याला दीड टक्क्याच्या किंचित खाली येतं, म्हणजे वर्षाला जवळजवळ १८ टक्के. शोरूममधेच मोबाइलवर हे करून दाखवलं तर तो माणूस चहा मागवतो आणि विषय बदलतो.

आता एनपीव्ही, म्हणजे पुढं येणाऱ्या पैशाच्या आजच्या किमतीतनं आज घातलेला पैसा वजा. सगळ्यांचा लाडका चॅप्टर, कारण गणित सरळ असतं. प्रश्नात लिहिलेलंच असतं की मशीन २० लाखाचं, दरवर्षी ६ लाख कॅश येणार, ५ वर्षं, रेट १२ टक्के. ६ गुणिले ३.६०५ म्हणजे २१.६३ लाख, वजा २० लाख, एनपीव्ही १.६३ लाख प्लस, प्रोजेक्ट अॅक्सेप्ट, खाली दोन रेघा मारा. पाच मिनिटांत ८ मार्क.

प्रश्न असा की ते ६ लाख कुणी सांगितले? पेपरात "गिव्हन" असतं. बाहेर कुणी गिव्हन देत नाही. आणि दुसरी गोष्ट, मशीन आल्यावर जास्त माल निघणार, म्हणजे जास्त कच्चा माल आणून ठेवायला लागणार, गिऱ्हाइकाला जास्त उधारी द्यायला लागणार. समजा त्यात ३ लाख अडकले, जे पाचव्या वर्षाच्या शेवटी परत मोकळे होतील. आज ३ लाख गेले, पाच वर्षांनी आले त्यांची आजची किंमत ३ गुणिले ०.५६७ म्हणजे १.७० लाख. १.३० लाखाचा फटका. एनपीव्ही १.६३ वरनं ३३ हजारावर. आणि ३ च्या जागी ४ लाख अडकले तर एनपीव्ही सरळ मायनसमधे जातो, मशीन तेच, कामगार तेच, रेट तोच. पुस्तकात "ॲडिशनल वर्किंग कॅपिटल रिक्वायर्ड" अशी एक ओळ प्रश्नाच्या शेपटीला असते आणि निम्मी पोरं ती वाचतच नाहीत, पण बघा, अख्खा निर्णय त्या शेपटीनं फिरवला.

एनपीव्ही आणि आयआरआरचं (ज्या रेटला एनपीव्ही शून्य होतो तो रेट) भांडण (दोन्ही वेगळं उत्तर देत असतील तर कुणाचं ऐकायचं) याच्यावर १० मार्कांचा थिअरी प्रश्न येतो, उत्तर एनपीव्हीचं ऐकायचं, पुढं चला.

कॅश फ्लोचे अंदाज किती भयंकर चुकू शकतात याचं उदाहरण शोधायला आपल्याला परदेशात जायची गरजच नाही, गुहागर तालुक्यात दाभोळचा प्रकल्प आहे. अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीनं उभा केलेला वीज प्रकल्प. डिसेंबर १९९३ मधे वीज मंडळाशी वीज खरेदीचा करार झाला, मधे सरकार बदललं, करार रद्द झाला, परत वाटाघाटी झाल्या, आणि ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा १९९९ मधे सुरू झाला. विजेचा दर डॉलरला आणि इंधनाच्या भावाला बांधलेला, आणि वीज उचला किंवा नका उचलू, कपॅसिटीचे पैसे द्यायचेच. कागदावर बघितलं तर कंपनीसाठी याच्याइतका सेफ कॅश फ्लो जगात नाही, गिऱ्हाईक सरकारी, करार पक्का, हमी दिलेली. पण गिऱ्हाईक एकच आणि त्या गिऱ्हाइकाला ते बिल झेपणारंच नव्हतं. जागतिक बँकेनं तर १९९३ मधेच हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज द्यायला नकार दिला होता. २००१ मधे मंडळानं वीज घेणं थांबवलं, डिसेंबर २००१ मधे तिकडं अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोरीत गेली (ती वेगळ्या कारणानं, तो अजून एक मोठा विषय). आमच्या वर्गात रिस्क म्हणजे बीटा (बाजार हलला की शेअर किती हलतो तो आकडा) एवढंच शिकवलं गेलं. दाभोळची रिस्क कुठल्या बीटात बसवायची ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. येणं कुणाकडून आहे आणि त्याची द्यायची ऐपत आहे का, हा प्रश्न फॉर्म्युल्यात कुठंच नसतो.

कॉस्ट ऑफ कॅपिटल आणि कॅपिटल स्ट्रक्चर पटकन उरकते. मोदिग्लियानी आणि मिलर या दोघांनी १९५८ मधे मांडलं की टॅक्स नाही, दिवाळखोरीचा खर्च नाही, सगळ्यांना सगळी माहिती आहे अशा जगात कंपनीनं कर्ज किती घेतलं आणि शेअर किती काढले यानं कंपनीची किंमत बदलत नाही. विद्यार्थी म्हणून पहिली प्रतिक्रिया हीच असते की मग हे शिकायचं कशाला, असं जग आहे कुठं. पण गंमत उलटीकडून आहे. एकेक असम्प्शन काढत जायचं आणि काय बदलतं ते बघायचं. १९६३ मधे त्यांनीच टॅक्स आत घेतला आणि कर्ज एकदम स्वस्त दिसायला लागलं, कारण व्याज टॅक्सच्या आधी वजा होतं आणि डिव्हिडंड टॅक्स भरून उरलेल्यातनं जातो. आपल्याकडचा आकडा टाका, २०१९ नंतर ज्या कंपन्यांनी २२ टक्क्यांचा नवा दर घेतला त्यांना सरचार्ज, सेस धरून २५.१७ टक्के टॅक्स पडतो, म्हणजे १० टक्क्यानं घेतलेलं कर्ज हातात साडेसात टक्क्याला पडलं. पण अट अशी की नफा पाहिजे. नफाच नसेल तर कुठला टॅक्स आणि कुठली बचत, आणि व्याज मात्र महिना संपला की दारात उभं. ही अट पेपरात कुणी विचारत नाही. मोदिग्लियानींना १९८५ चं अर्थशास्त्राचं नोबेल, मिलरना १९९० चं, ही माहिती एक मार्काच्या प्रश्नाला उपयोगी.

वॉल्टर, गॉर्डन, डिव्हिडंड मॉडेल्स... खरं सांगू, पास होण्यापुरते करा.

आता मूळ मुद्दा.

माझ्या एका मामांचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग आणायचं, मशीनिंग करायचं, मोठ्या कंपनीला पाठवायचं. मी एमकॉमला असताना सुट्टीत त्यांच्याकडं टॅलीवर एन्ट्र्या मारायला बसायचे, तेव्हा ते एकदा म्हणाले, "काय गं, कॉलेजात फायनान्स शिकतीस म्हणं, मग सांग बघू, ऑर्डर डबल झाल्यावर माणसानं हसायचं का रडायचं?" मला वाटलं चेष्टा करतायत. मग त्यांनी मागच्या कागदावर लिहून दाखवलं. (आकडे मी इथं गोल करून घेतेय.)

महिन्याची विक्री २० लाख, कंपनी पेमेंट करते ९० दिवसांनी, म्हणजे कायम ६० लाख येणं बाकी. नफा समजा १० टक्के, महिन्याला २ लाख. आता ऑर्डर डबल झाली, विक्री ४० लाख, नफा ४ लाख, घरात पेढे. पण येणं बाकी आता १ कोटी २० लाख पाहिजे. हे जे जास्तीचे ६० लाख आहेत त्यातला नफा काढला तर ५४ लाख ही खरोखर खिशातनं गेलेली रक्कम आहे, कास्टिंगचे पैसे, पगार, लाइट बिल, टूल्स. महिन्याला ४ लाख नफ्यातनं ५४ लाख उभे करायचे म्हणजे वर्षाच्या वर गेलं. आणि तोपर्यंत सगळे थांबणारेत का? फाउंड्रीवाला ३० दिवसांच्या वर थांबत नाही, कामगार १० तारखेच्या वर थांबत नाहीत, आणि जीएसटी तर कुणासाठीच थांबत नाही. बिल फाडलं की पुढच्या महिन्यात टॅक्स भरायचा, कंपनीनं पैसे दिलेत का नाहीत याच्याशी सरकारला देणंघेणं नाही. ४० लाखांवर १८ टक्के म्हणजे ७ लाख २० हजार, त्यातनं खरेदीचं क्रेडिट (खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी) वजा जाता जे उरतं ते स्वतःच्या खिशातनं आधी. प्रॉफिट अँड लॉस अकाउंट मात्र काय छान दिसत असतं!

पुस्तकात याला ओव्हरट्रेडिंग म्हणतात. एका परिच्छेदात संपतं. आमच्या एमआयडीसीत शटर खाली गेलेल्या शेड्स बघितल्या की वाटतं याच्यावर अख्खं सेमिस्टर पाहिजे, कारण यातले बरेच जण काम नव्हतं म्हणून नाही तर काम जास्त झालं आणि पैसे वेळेत आले नाहीत म्हणून बसलेत.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पण हे व्याज मागायला जाणार कोण? मागितलं तर पुढची ऑर्डर शेजारच्या शेडला. मग २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समधे ४३बी(एच) आणलं, वेळेत पैसे दिले नाहीत आणि वर्ष संपेपर्यंत ते बाकीच राहिले तर माल घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरताच येणार नाही. ही खरी कळ दाबली. मार्च २०२४ मधे टॅक्स वाचवायला म्हणून लोकांनी धडाधड पेमेंट केली, आणि काही मोठ्या गिऱ्हाइकांनी उलट छोट्यांना सांगितलं की तुझं उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द कर नाहीतर माल नको. दोन्ही एकाच वेळी घडलं. फायनान्सच्या पुस्तकात क्रेडिट पॉलिसी (उधारी किती आणि किती दिवस द्यायची) ही कंपनी ठरवते असं लिहिलेलं असतं, इथं क्रेडिट पॉलिसी गिऱ्हाईक ठरवतं आणि आपण फक्त ऐकतो.

याच चॅप्टरमधलं अजून एक गणित मला फार आवडतं, २/१० नेट ३०. म्हणजे १० दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण. सगळ्यांना वाटतं २ टक्के काय मोठं. पण २० दिवस जास्त वापरायला मिळावेत म्हणून तुम्ही ९८ रुपयांवर २ रुपये देताय, २ भागिले ९८ गुणिले ३६५ भागिले २०, वर्षाला ३७ टक्क्यांच्या वर. बँकेकडनं १२ टक्क्यानं सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) उचलून सूट घेतली तरी फायदाच. हे गणित आपल्या मार्केट यार्डातल्या किराणा होलसेलवाल्यांना तोंडी येतं, "रोखीत काय भाव?" हा प्रश्न त्यातनंच येतो. डीमार्ट पुरवठादारांना पैसे लवकर देतं आणि त्याच्या बदल्यात भाव पाडून घेतं असं सगळे म्हणतात, त्यांच्या ताळेबंदात ट्रेड पेयेबल्स (पुरवठादारांची देणी) विक्रीच्या मानानं किती कमी आहेत ते बघितलं की ते पटतं.

आणि आता साखर कारखाना, ज्याच्यावर मला वाटतं प्रत्येक विद्यापीठानं एक तरी केस स्टडी ठेवायला पाहिजे. (आमच्याकडं अमेरिकन सोडा कंपनीची होती.)

कारखान्याचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. कच्चा माल या पाचेक महिन्यांत सगळा घ्यायचा, कारण ऊस तोडून ठेवता येत नाही, वाळला की उतारा (उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) गेला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं उसाचं बिल १४ दिवसांत द्यायचं, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. म्हणजे खरेदी पाच महिन्यांत आणि जवळपास रोखीनं. विक्री? ती बारा महिने, आणि तीपण मनाला येईल तशी नाही, २०१८ पासून केंद्र सरकार दर महिन्याला प्रत्येक कारखान्याला कोटा देतं, तेवढीच साखर विकायची. जगात असा दुसरा कारखानदार दाखवा ज्याला खरेदी किती भावानं करायची तेपण सरकार सांगतं, पैसे किती दिवसांत द्यायचे तेपण, आणि माल किती विकायचा तेपण.

५००० टन रोजच्या गाळपाचा कारखाना घ्या. २०२४-२५ ची एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान भाव) टनाला ३४०० होती, १०.२५ टक्के उताऱ्याला. रोजचं उसाचं देणं १ कोटी ७० लाख. १५० दिवस चालला तर २५५ कोटी. ढोबळ धरू की टनाला एक क्विंटल साखर, म्हणजे रोज ५००० क्विंटल, हंगामात साडेसात लाख क्विंटल. बारा महिन्यांत सारखी विकली तर महिन्याला ६२ हजार ५०० क्विंटल. हंगाम संपतो त्या दिवशी पाच महिन्यांची विकलेली वजा जाऊन गोडाऊनमधे ४ लाख ३७ हजार ५०० क्विंटल पडून. ३५०० भावानं १५३ कोटी. पोत्यांच्या थप्प्या, आणि गोडाऊनला बँकेचं कुलूप, कारण माल तारण आहे.

याचं व्याज काढा. हंगामात साठा शून्यापासून १५३ पर्यंत चढतो, नंतरच्या सात महिन्यांत शून्यावर उतरतो, म्हणजे वर्षभराची सरासरी ७६ कोटींच्या वर. १० टक्क्यानं साडेसात कोटींच्या पुढं. साडेसात लाख क्विंटलवर वाटलं तर क्विंटलला १०० रुपये, किलोला रुपया. तुम्ही चहात जी साखर घालता तिच्यातला रुपयाभर नुसता गोडाऊनमधे बसल्याबद्दल. मला हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा खरा वाटेना म्हणून परत एक्सेल केली, तोच आला.

बरं बँक पूर्ण ३५०० देत नाही, मार्जिन कापते. समजा ८५ टक्के दिले तर क्विंटलला, म्हणजे आपल्या हिशोबात टनभर उसामागं, २९७५. शेतकऱ्याला (तोडणी-वाहतूक धरून) द्यायचेत ३४००. टनाला सव्वाचारशे कमी, रोज ५००० टनाला २१ लाखांचा खड्डा, आणि अजून पगार, केमिकल, बारदान, मेंटेनन्स काही धरलंच नाही. तो खड्डा बगॅस (उसाचं चिपाड), वीज, मळी, इथेनॉल यातनं भरायचा, आणि ज्याच्याकडं डिस्टिलरी नाही त्यानं? तो बिलं थकवतो. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मधे किलोला ३१ रुपये केला आणि पुढं कितीतरी वर्षं तो तिथंच राहिला, त्या काळात एफआरपी मात्र जवळजवळ दरवर्षी वाढत गेली. १०.२५ उताऱ्यानं टनाची १०२.५ किलो साखर ३१ नं विकली तर ३१७७ रुपये येतात, नुसत्या उसाच्या बिलालाच पुरत नाहीत. बाजारभाव वर राहतो म्हणून चालतं. भाव पडला की बँक मूल्यांकन कमी करते, मग उचल कमी, मग बिल थकलं, मग आंदोलन, मग कोर्ट. राज्य सरकारनं २०२२ मधे एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची वाट काढून दिली होती, ती मार्च २०२५ मधे मुंबई हायकोर्टानं रद्द केली. बातम्यांत हे सगळं राजकारण म्हणून येतं. राजकारण आहेच, कोण नाही म्हणतंय, काही कारखाने चालवणाऱ्यांनी खाल्ले हेपण सगळ्या गावाला माहीत असतं. पण प्रामाणिक माणूस खुर्चीत बसवला तरी हा खड्डा तिथंच असणार आहे, कारण तो ऑपरेटिंग सायकलमधे (कच्च्या मालाला पैसे गेल्यापासून विक्रीचे पैसे येईपर्यंतचा काळ) आहे. आणि हंगामाच्या आधी, मे-जूनपासून, ऊसतोडीच्या मुकादमांना जी उचल द्यायला लागते ती मी वर धरलीच नाही.

आता सांगा, हा चॅप्टर ऑप्शनचा आहे का.

बँकेच्या बाजूनं हाच विषय बघायचा असेल तर टंडन समिती वाचा. नावानं घाबरू नका. रिझर्व्ह बँकेनं १९७४ मधे नेमली, पुढच्या वर्षी अहवाल आला, आणि त्यात तीन पद्धती, त्यातल्या पहिल्या दोन बघू. पहिलीत करंट असेट्समधनं (माल, उधारी असे वर्षाच्या आत रोख होणारे) करंट लायबिलिटीज (वर्षाच्या आत द्यायची देणी, बँकेचं सोडून) वजा करून उरलेल्याच्या ७५ टक्के बँक देणार. दुसरीत आधी करंट असेट्सचे ७५ टक्के काढायचे आणि मग लायबिलिटीज वजा. दुसरीत मालकाला स्वतःचे जास्त घालावे लागतात, एवढाच फरक लक्षात ठेवा म्हणजे गणित चुकत नाही. छोट्यांसाठी नंतर नायक समितीचा सोपा हिशोब आला, वर्षाच्या अंदाजे विक्रीच्या २५ टक्के वर्किंग कॅपिटल धरा, २० टक्के बँक देणार, ५ टक्के तुमचे. २ कोटी विक्री तर ४० लाखांची लिमिट. आता यात खोट कुठं आहे बघा, २५ टक्के म्हणजे सायकल तीन महिन्यांची धरली. मामांचं नुसतं येणंच ९० दिवसांचं, त्याच्याआधी माल आणून मशीनिंग करण्यात गेलेला महिना कुठं बसवायचा? बँकेच्या सरांना विचारलं तर ते म्हणतात नॉर्म आहे. आणि लिमिट सँक्शन झाली म्हणजे तेवढे पैसे मिळाले असंही नाही, दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावरनं ड्रॉइंग पॉवर (प्रत्यक्षात किती उचलता येईल तो आकडा) निघते, आणि ९० दिवसांच्या वरची उधारी त्यात बहुतेक वेळा धरतच नाहीत. म्हणजे कंपनीनं पेमेंटला उशीर केला की इकडं बँकेची लिमिटपण आकसते. दोन्हीकडनं एकदम.

शिकणाऱ्यांना एकच करून बघायला सांगेन, ते मला कुणी सेमिस्टर चालू असताना सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या ओळखीची कुठलीही लिस्टेड कंपनी घ्या, अॅन्युअल रिपोर्टची पीडीएफ एनएसई-बीएसईच्या साइटवर फुकट असते, चेअरमनचं पत्र आणि फोटो सोडून द्या, कॅश फ्लो स्टेटमेंट उघडा. पाच वर्षांचा निव्वळ नफा एका ओळीत लिहा, खाली ऑपरेटिंग अॅक्टिव्हिटीजमधनं (रोजच्या धंद्यातनं) आलेली कॅश लिहा. नफा दरवर्षी वाढतोय आणि कॅश येतच नाहीये असं दिसलं की ट्रेड रिसीव्हेबल्स (गिऱ्हाइकांकडची येणी) आणि इन्व्हेंटरीच्या (मालाच्या साठ्याच्या) नोट्सवर जा, बहुतेक वेळा उत्तर तिथंच अडकलेलं असतं. यालाही अपवाद आहे म्हणा, सत्यम या आयटी कंपनीत तर बँकेतली रोकडच खोटी होती, जानेवारी २००९ मधे चेअरमन रामलिंग राजूंनी स्वतः पत्र लिहून ५०४० कोटी अस्तित्वातच नाहीत म्हणून कबूल केलं, तिथं ही ट्रिक चालली नसती. पण तशा केसेस थोड्या, साध्या अडकलेल्या पैशाच्या केसेस ढिगानं. रिपोर्टमधे स्टँडअलोन (एकट्या कंपनीचा) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) असे दोन संच असतात, कन्सॉलिडेटेड घ्या, आणि रिसीव्हेबल्सचं एजिंगचं (कुठली येणी किती जुनी ते दाखवणारं) टेबल २०२१-२२ पासून द्यावंच लागतं, त्यात सहा महिन्यांच्या वरचा रकाना आधी बघा.